टुटू : नर्तकीचा कामाचा पोशाख

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘टुटू’ असे सांगितले. त्यांनी तो शब्द दोनदा विचारून घेतला आणि मग काही वेळ आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. कामगार चळवळीत उभे आयुष्य काढलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, किमान वेतनावर बोलावे, फार तर गिरणगावच्या इतिहासावर बोलावे. बॅले नावाच्या परदेशी नाचातल्या झग्यावर त्याने काय बोलावे, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. प्रश्न रास्त होता. म्हणून हा झगा आमच्या वाटेत कसा आला ते आधी सांगितले पाहिजे.

आम्ही ज्या शिवणकाम करणाऱ्या बायकांत काम करतो त्यांपैकी पंधरावीस जणी धारावीतल्या एका शेडमध्ये नगावर काम करीत. नगावर म्हणजे रोजाने नव्हे. फ्रॉकमागे ठरलेले पैसे. एकदा तिथे लहान मुलींच्या फ्रॉकांची मोठी ऑर्डर आली. वर सॅटिनची चोळी, खाली ताठ जाळीचा घेर, आणि ऑर्डरच्या कागदावर नाव ‘टुटू’. मालकाने दर लावला तो नेहमीच्या फ्रॉकचा. नेहमीच्या फ्रॉकला जाळीचे थर दोन, याला पाच! ही जाळी म्हणजे आमचे शिंपी जिला ‘कॅनकॅन’ म्हणतात ती. लग्नाच्या घागऱ्याला आतून फुगवटा देण्यासाठी लावतात तीच. ती हाताला बोचते, सुईखालून निसटते, आणि चुणी धरायला सांगावी तर धरत नाही. त्या बायकांतली एक वयस्क बाई आम्हाला म्हणाली, “भाऊ, नग एक म्हणतात ते खरं, पण थर कुणी मोजायचे?” मालकाचे म्हणणे साधे होते. फ्रॉक एक, तर नग एक.

वाटाघाटीला बसायचे तर आधी वस्तू समजली पाहिजे, हा आमचा जुना शिरस्ता आहे. शाळेत आम्ही नववीच्या पुढे गेलो नाही. जे काही शिकलो ते असेच, एकेका भांडणाच्या निमित्ताने. त्या वेळी आम्ही टुटू शिकायला बसलो, आणि भांडण मिटल्यावरही ते शिकणे सुटले नाही.

आधी नावाचे पाहू. शब्द फ्रेंच आहे आणि मूळचा फारसा सभ्य नाही. लहान मुले ज्या लाडक्या शब्दाने आपल्या बसायच्या अवयवाचा उल्लेख करतात, त्या शब्दाचे हे रूप, असे बहुतेक जाणकार मानतात. खालच्या जागी बसून वर पाहणाऱ्या प्रेक्षकांनी तो रूढ केला, असेही सांगतात. छापील फ्रेंचमध्ये तो १८८१ च्या सुमारास दिसू लागतो. म्हणजे वस्तू पन्नास वर्षे आधीची आणि नाव मागाहूनचे. ते तिला पाहणाऱ्यांनी दिले. घालणाऱ्यांनीही नव्हे आणि शिवणाऱ्यांनीही नव्हे.

टुटूचे मुख्य घाट दोन. एक लांब, गुडघा आणि घोटा यांच्या मध्ये संपणारा, उलट्या घंटेसारखा झुलणारा. दुसरा आखूड, कमरेपासून थाळीसारखा आडवा उभा राहणारा. चित्रांत आणि दागिन्यांच्या डब्यातल्या बाहुलीवर आपण पाहतो तो बहुधा दुसरा. लांबाचा आखूड कसा झाला, ही या पोशाखाची खरी कहाणी. आणि आमच्या मते ती फॅशनची कहाणी नाही, कामाची आहे.

बॅले हा मूळचा राजदरबारचा नाच. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ साली त्याची अकादमी स्थापन केली. तेव्हाच्या नर्तकी जमिनीपर्यंत लोळणारे, आत कांबीचा सांगाडा असलेले जड घागरे घालीत. त्या घागऱ्याखाली पाय आहेत हे प्रेक्षकाने श्रद्धेने मानायचे! मारी कामार्गो नावाची नर्तकी १७२६ साली पॅरिसच्या ऑपेरात आली. हवेत उडी मारून पावले एकमेकांवरून झपाझप कातरीसारखी फिरवणे हे तोवर पुरुष नर्तकांचे काम. ते ती करून दाखवी. पण दाखवायचे तर दिसले पाहिजे. तिने घेर घोट्याच्या वर घेतला. पॅरिसमध्ये त्यावरून बरीच कुजबुज झाली म्हणतात. तिची समकालीन मारी साले हिने १७३४ साली लंडनमध्ये तो सांगाडाच टाकून दिला आणि साध्या मलमलीच्या वस्त्रात नाच केला. या दोघींनी जे केले ते गिरणीतल्या बाईने पदर खोचण्यासारखे होते. काम आडवे येणाऱ्या कपड्याला बाजूला सारते.

पांढरा टुटू म्हणून आपण ज्याला ओळखतो तो आला १२ मार्च १८३२ रोजी, पॅरिसच्या ऑपेरात, ‘ला सिल्फीद’ या बॅलेत. एका स्कॉटिश तरुणाला लग्नाच्या दिवशी एक वनपरी दिसते आणि तो तिच्यामागे रानात जातो, अशी त्यातली कथा. परीचे काम मारी तालिओनीने केले. तिच्या बापाने, फिलिप्पो तालिओनीने, तो नाच बसवला होता. आणि पोशाख एझेन लामी या चित्रकाराने रेखाटल्याचे सांगतात. पातळ पांढऱ्या कापडाचे थर, तंग चोळी, पाठीला छोटे पंख, आणि पायांत मऊ चपला. त्या चपलांच्या टोकावर ती क्षणभर उभी राहिली की जमिनीला लागलीच नाही असे वाटे.

आता ही हलकी परी कशी घडली ते पाहा. बापाने मुलीला तालीम दिली ती रोज सहा तासांची. दोन तास उड्यांचे, दोन तास तोल सांभाळण्याचे, असे वाटे पाडून. तालमीत ती कोसळून पडे असे वर्णन आहे. सहा तास रोज, कित्येक महिने, यासाठी की रात्री कुणाला श्रम दिसू नयेत. बॅलेची सारी मोहिनी या एका करारावर उभी आहे, आणि टुटू हा त्या करारावरचा शिक्का आहे. तो पायांना मोकळीक देतो आणि कमरेभोवती असे धुके उभे करतो की त्या बाईला वजन आहे याचाच पाहणाऱ्याला विसर पडतो.

हे धुके कुठून आले? ज्या जाळीचे पुढे टुटू झाले तिला ‘त्युल’ म्हणतात. फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावावरून हे नाव पडले. ती पूर्वी हाताने विणली जाई, आणि एवढी महाग असे की नाटक कंपनीने तिचे घेरच्या घेर करणे अशक्य होते. जॉन हीथकोट नावाच्या इंग्रज यंत्रकाराने १८०८–०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. शेकडो चात्या, शेकडो धागे, आणि षटकोनी जाळी वारावारी बाहेर! पण त्यापुढची हकीकत वेशभूषेच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात, तिथे आमच्यासारखा माणूस थबकतो. लफबरो गावी हीथकोटचा कारखाना होता. २८ जून १८१६ च्या रात्री तोंडे काळी केलेले लोक आत शिरले आणि त्यांनी त्याची ५५ यंत्रे फोडली. हे लुडाइट, मजुरीची कपात आणि यंत्राची धास्ती यांनी पिसाळलेले कारागीर. या प्रकरणात १८१६–१७ मध्ये अनेक जण फासावर गेले. हीथकोटने गाव सोडले आणि दूर डेव्हन परगण्यात टिव्हर्टनला नवा कारखाना काढला. त्याचे कित्येक जुने कामगार बायकामुलांसह त्याच्यामागे गेले. त्याच सुमारास नॉटिंगहॅमकडच्या काही कारागिरांनी असली यंत्रे चोरून फ्रान्सच्या कॅले बंदरात नेली, आणि तिथेही जाळीचा धंदा उभा राहिला.

यंत्रे फोडणाऱ्यांची बाजू आम्ही इथे मांडत नाही. यंत्र फोडून मजुरी वाढत नाही, हे आमच्याही चळवळीला ठेचा खाऊनच कळले. पण परीच्या अंगावरचे धुके स्वस्त झाले ते कुठल्या रात्रीनंतर, हे माहीत असावे. जाता जाता एक गंमत सांगतो. टिव्हर्टनचा तो कारखाना पुढे दोनशे वर्षे टिकला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ यानाच्या हवाई छत्रीचे कापड त्यानेच विणले होते.

आता या पोशाखाच्या इतिहासातला सर्वांत काळा भाग. पॅरिसच्या ऑपेरात १८२२ पासून रंगमंचावर गॅसचे दिवे होते. गॅसच्या हिरवट उजेडात पांढरी जाळी चांदण्यासारखी दिसे. परीचे सारे सौंदर्य त्या उजेडावर उभे होते. पण ज्योती उघड्या. आणि पातळ सुती जाळीचे थर, मध्ये हवा खेळणारी, म्हणजे पेटण्यासाठी मुद्दाम रचून ठेवलेले सरपणच. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात डिसेंबर १८४४ मध्ये क्लारा वेबस्टर ही तरुण नर्तकी नाचता नाचता पेटली आणि तीन दिवसांत गेली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या काँटिनेंटल थिएटरात सप्टेंबर १८६१ मध्ये कपडे बदलण्याच्या खोलीत एकीच्या कपड्यांनी पेट घेतला. तिला वाचवायला धावलेल्या पेटल्या. गेल घराण्यातल्या बहिणी आणि त्यांच्या सोबतिणी त्यात बळी गेल्या.

फ्रान्सच्या सरकारने काहीच केले नाही असे नाही. कार्तेरों नावाच्या माणसाने कापड रसायनात बुडवून न पेटणारे करण्याची रीत काढली होती, आणि १८५९ साली हुकूम निघाला की रंगमंचावरचे कपडे असे प्रक्रिया केलेलेच असावेत. पण त्या प्रक्रियेने जाळी कडक होई, मळकट पिवळी दिसे, आणि तरंगत नसे. नर्तकी कुरकुरू लागल्या. त्यांच्यात एमा लिव्री होती. सोळाव्या वर्षी, १८५८ साली, तिने ‘ला सिल्फीद’मध्येच पदार्पण केले होते. निवृत्त झालेली तालिओनी तिला पाहायला पॅरिसला आली, तिची गुरू झाली, आणि १८६० मध्ये तिच्यासाठी ‘ल पापियों’ म्हणजे ‘फुलपाखरू’ नावाचा बॅले तिने स्वतः रचला. त्या कथेत फुलपाखराचे पंख मशालीच्या ज्योतीत जळतात. याच एमा लिव्रीने संचालकांना लेखी कळवले की आपण नेहमीच्याच घेरात नाचू, आणि काही झाल्यास जबाबदारी आपली.

१५ नोव्हेंबर १८६२ रोजी ‘पोर्तिचीची मुकी मुलगी’ या ऑपेराची तालीम चालली होती. बसताना घेर चुरगळू नये म्हणून तिने तो झटकला, आणि जाळी दिव्याला लागली. क्षणात ज्वाळा तिच्या डोक्याच्या वर गेल्या. ती घाबरून रंगमंचावर धावली. एका आगवाल्याने तिला घोंगड्यात गुंडाळले. त्यानंतर ती आठ महिने जगली आणि २६ जुलै १८६३ रोजी वारली. वय वीस. तिच्या त्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

अपघात झाला की चौकशीत पहिले वाक्य येते, “कामगाराने सुरक्षा-साधन वापरले नव्हते.” आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की ते कुणी उच्चारण्याआधीच आम्हाला ऐकू येते. लिव्रीच्या बाबतीत तर तिच्या सहीचा कागदच होता. तरी आमचा प्रश्न नेहमीचाच आहे. साधन असे का दिले, की ते घातले तर काम होत नाही? आणि ज्योती उघड्या का ठेवल्या? मुलीला सांगायचे की हलकी दिस, परी हो; त्यावर तिची रोजीरोटी आणि नाव ठरवायचे; आणि मग जड, पिवळा घेर पुढे करायचा. तिने नकार दिला यात आम्हाला हट्ट दिसत नाही. सांगितलेले काम चोख करण्याची जिद्द दिसते.

एमा लिव्री निदान तारका होती. मागच्या रांगेतल्या मुलींचे जिणे निराळे. पॅरिसच्या ऑपेरातल्या शिकाऊ पोरींना ‘छोटे उंदीर’ म्हणत. धोबिणींच्या, शिंपिणींच्या, रखवालदारांच्या या मुली तुटपुंज्या पैशांवर राबत, आणि वर्गणीदार शेठसावकारांना त्यांच्या तालीमदालनात मुक्त प्रवेश असे. तो कशासाठी असे, हे फोडून सांगायला नको. देगा या चित्रकाराने ही मंडळी पाहिली आणि रंगवली. चित्राच्या कडेला काळ्या कोटातला एखादा गृहस्थ असतो, तो त्यांपैकीच. देगाने १८८१ साली चौदा वर्षांच्या एका नर्तकीचा मेणाचा पुतळा प्रदर्शनात मांडला. त्यावर खरे केस, खरी चोळी, खऱ्या जाळीचा टुटू होता. टीकाकारांनी तिला कुरूप ठरवले, माकडाची उपमा दिली. पुतळ्यासाठी उभी राहिलेली मुलगी मारी व्हान गोथम एका धोबिणीची लेक होती. तालमींना गैरहजर राहिली म्हणून १८८२ साली ऑपेराने तिला कामावरून काढले. देगाच्या मृत्यूनंतर त्या पुतळ्याचे ब्राँझमध्ये ओतीव नमुने झाले आणि ते जगभरच्या संग्रहालयांत गेले. ब्राँझ तसेच राहते; जाळी मात्र विरते, आणि संग्रहालयांना ती अधूनमधून नवी शिवून घ्यावी लागते.

आता थाळीसारखा टुटू. त्याची घडण इटलीच्या कसबाने आणि रशियाच्या पैशाने झाली. इटालियन नर्तकींची चपलांची टोके एव्हाना कापड, कागद आणि खळ यांच्या थरांनी टणक झाली होती. त्यांवर त्या पूर्वी न ऐकलेल्या गिरक्या घेत. व्हर्जिनिया त्सुक्की १८८५ साली सेंट पीटर्सबर्गला आली तेव्हा तिने झारच्या नाट्यगृहाचा लांब घेर घालायला नकार दिला आणि आपला आखूडच घातला. पिएरीना लेनानीने १८९३ साली एका पायाच्या टोकावर ओळीने बत्तीस गिरक्या घेतल्या. १८९५ च्या ‘हंससरोवर’मध्ये त्या पुन्हा घेतल्या, आणि तेव्हापासून त्या नाचातल्या नायिकेला बहुधा त्या चुकल्या नाहीत. बत्तीस गिरक्या घ्यायच्या तर मांडीपासून अंगठ्यापर्यंतची प्रत्येक हालचाल उघडी हवी. लांब घेर पायात येतो, आणि प्रेक्षकाला मोजताही येत नाही. कामार्गोने दीडशे वर्षांपूर्वी जे सुरू केले तेच इथे पुरे झाले. घेर वर सरकत कमरेशी आला आणि आडवा झाला.

अशा टुटूच्या शिवणीबद्दल वाचताना आम्हाला शेडमधल्या बायका आठवत होत्या. आत एक घट्ट चड्डी. तिच्यावर खालून वर जाळीच्या झालरी लावत जायच्या. साधारण दहा-बारा थर. सर्वांत खालची झालर बोटभर रुंदीची, आणि वरची प्रत्येक आधीच्या झालरीहून रुंद. प्रत्येक झालरीच्या चुण्या हाताने धरायच्या. खालच्या आखूड झालरी वरच्या लांब झालरींना उचलून धरतात. आधार तो त्यांचाच, पण प्रेक्षकाला दिसतो तो फक्त वरचा थर. सगळे थर झाले की त्यांतून आरपार सैल कच्चे टाके घालायचे. ते घट्ट पडले तर थाळी मरते, फार सैल पडले तर ती फुलते आणि हेलकावे खाते. चोळी वेगळी; अनेक फाकांची, प्रत्येक फाकेत कापडाचा ताणा वेगळ्या दिशेला, म्हणजे अंगाला घट्ट बसूनही श्वास घेता येतो. एका चांगल्या टुटूला साठ-सत्तरपासून शंभराहून अधिक तास लागतात. ठेवायचा तो उलटा टांगून. मागे हुकांसाठी आकड्यांच्या दोन-तीन ओळी असतात, कारण एकच टुटू अनेक जणी घालतात. मोठ्या कंपन्यांतून चोळीच्या आत शिवलेल्या पट्टीवर नर्तकीचे नाव असते. ती गेली की खाली दुसरीचे. शिवणारीचे नाव आम्हाला कुठे आढळले नाही.

इथे हिंदुस्थानचा संबंध येतो, आणि तो गोव्याच्या वाटेने येतो. देवळात नाचणाऱ्या स्त्रियांना पोर्तुगीज ‘बायलादैरा’ म्हणत. म्हणजे नुसती नाचणारी. त्यावरून फ्रेंचांनी ‘बायादेर’ केले. १८३८ साली पाँडिचेरीकडच्या देवदासींचा एक खरा मेळा पॅरिसला जाऊन आला. अम्माणी नावाच्या त्यांच्यातल्या नर्तकीवर गोतिए या लेखकाने भरभरून लिहिले. हाच गोतिए ‘जिझेल’ या १८४१ च्या विख्यात बॅलेच्या कथाकारांपैकी एक. पण खरी बायादेर डोळ्यांनी पाहूनही बॅलेने तिचे काही घेतले नाही. १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पेतिपाने ‘ला बायादेर’ बसवला. त्यात राजा आहे, ब्राह्मण आहे, साप आहे; आणि देवदासी मेल्यावर स्वर्गात जाते ती पांढऱ्या टुटूत!

हसू येते खरे. तो प्रवेश आम्ही पहिल्यांदा आमच्या मुलीच्या मोबाइलवर पाहिला, तेव्हा आम्हीही हसण्याच्या तयारीनेच बसलो होतो. अंधारात एक उतरण. तिच्यावरून एक पांढरी आकृती येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, परत उभी राहते, दोन पावले टाकते. मागून दुसरी, मग तिसरी. बत्तीस जणींचा संच असेल तर पहिली तीच हालचाल तीसहून अधिक वेळा करते. एकीचा पाय थरथरला तर सगळी रांग मोडते. बत्तीस थाळ्या एका पातळीत, एका तालात. आम्ही हसलो नाही. साच्यांच्या खात्यात सगळे माग एका लयीत धरले की जे वाटे ते वाटले, आणि त्याहून काही अधिक, ज्याला आमच्याकडे शब्द नाही. मुलीने विचारले, “बाबा, परत लावू?” आम्ही परत पाहिला.

या रांगांतल्या बायका मुक्या नव्हत्या. १९०५ च्या ऑक्टोबरात रशियात सार्वत्रिक संप पेटला, तेव्हा झारच्या बॅलेतल्या नर्तक-नर्तकींनी सभा घेतली आणि बारा प्रतिनिधी निवडले. मागण्या पगाराच्या होत्या आणि कारभारात आपले म्हणणे ऐकले जावे याच्याही होत्या. त्या प्रतिनिधींत फोकिन होता, कार्साविना होती, आणि आन्ना पाव्हलोव्हा होती. अधिकाऱ्यांनी निष्ठेचे पत्रक फिरवले. सर्गेई लेगात या नर्तकाने दडपणाखाली त्यावर सही केली, आणि ते मनाला लागून त्याने जीव दिला. मागण्या फारशा पदरात पडल्या नाहीत. त्यानंतर काय होते ते संप केलेल्यांना सांगायला नको. पुन्हा कामावर जावे लागते, आणि कोण कोण सही करून आले ते सर्वांना माहीत असते.

‘मरणारा हंस’ हा चार मिनिटांचा नाच फोकिनने पाव्हलोव्हासाठी रचला तो याच वर्षांत. तो टुटू घालून ती पुढे जगभर हिंडली. १९२२–२३ च्या दौऱ्यात ती मुंबईलाही आली होती. इथे ती आपल्या नाचाचा शोध घेत राहिली, आणि जो भेटेल त्याला सांगत राहिली की तुमचे आहे ते उचला. उदयशंकर १९२३ मध्ये तिच्या संचात राधा-कृष्णाचा नाच करीत होते. मुंबईच्या लीला सोखी, म्हणजे पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या मादाम मेनका, यांनाही तिने उत्तेजन दिले. म्हणजे टुटू घातलेल्या बाईने आपल्या बायकांना टुटू घ्या असे सांगितले नाही. ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

पुढची हकीकत थोडक्यात आटोपतो. विसाव्या शतकात टुटूचा अंत झाल्याचे अनेकदा जाहीर झाले. इझाडोरा डंकनने अनवाणी नाचून त्याची टर उडवली. खुद्द फोकिनने निरनिराळ्या कथांना निरनिराळे पोशाख दिले. रशियात झार गेला, टुटू राहिला. न्यूयॉर्कमध्ये खार्किव्हहून आलेल्या कारिन्स्काबाईंनी १९५० साली त्याची दुरुस्ती केली. तोवर अनेक थाळ्यांत तारेचे कडे असे. लहान रंगमंचावर ती कडी एकमेकींवर आपटत आणि एक बाजू दबली की दुसरी वर उठे. त्यांनी कडे काढले, थर कमी केले, आणि पावडर लावायच्या पफसारखा मऊ घेर केला. १९७४ पासून न्यूयॉर्कच्याच ‘त्रोकादेरो’ मंडळींतले पुरुष टुटू घालून बॅलेची थट्टा करतात, आणि थट्टा चांगली व्हावी म्हणून नाच मात्र चोख शिकतात.

आणि २४ डिसेंबर २०१९. पॅरिसमध्ये निवृत्तिवेतनाच्या बदलाविरुद्ध संप चालू होता. ऑपेराची स्वतःची निवृत्तिवेतन योजना १६९८ पासूनची, चौदाव्या लुईच्या काळची. तिच्याप्रमाणे नर्तकांना बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होता येई. बेचाळीस हे लाड नव्हेत. गुडघे आणि घोटे तेवढेच टिकतात. ती योजना जाणार होती. नाताळच्या आदल्या दिवशी ऑपेराच्या दारातल्या पायऱ्यांवर, उघड्यावर, डिसेंबरच्या थंडीत, नर्तकींनी पांढरे टुटू घालून ‘हंससरोवर’मधला प्रवेश केला. संपावरचे वादक साथीला होते. मागे संपाचे फलक लावले होते. ती फीत आम्ही आमच्या कार्यालयात बायकांना दाखवली. त्यांच्यात आधी शांतता पसरली. मग ती वयस्क बाई म्हणाली, “थंडी वाजत असंल पोरींना,” आणि लगेच, “थर दहा तरी हायेत बघा, भाऊ.”

शेडमधला वाद तिसऱ्या बैठकीत मिटला. आम्ही एक फ्रॉक उसवून मालकापुढे टेबलावर पाचही थर वेगळे मांडले. पहिल्या दोन थरांना जुना दर, आणि पुढच्या प्रत्येक थराला निराळे पैसे, असे ठरले. थरांतून घालायच्या कच्च्या टाक्याचे पैसे मात्र त्यांनी मान्य केले नाहीत. त्यांचे म्हणणे, तो टाका बाहेरून दिसत नाही.